फोन वाजण्याआधीची बोलणी



या सदरात एरवी मोबाइल, वायफाय, पासवर्ड असले घरगुती विषय असतात. या वेळचा प्रश्न जरा तांत्रिक आहे. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी दुकान, दवाखाना, क्लास, छोटा कारखाना असा काही ना काही व्याप असतो. त्याची दुसरी शाखा निघाली की हा प्रश्न येतोच. म्हणून आज सविस्तर लिहितो.

प्रश्न इंदूरच्या एका वाचक मुलीचा आहे. आई-वडील दोघेही डॉक्टर. इंदुरात वीस खाटांचे नर्सिंग होम आहे आणि मागच्या वर्षी त्यांनी देवासला एक छोटे केंद्र काढले. तिथे रात्री एक नर्स आणि एक मदतनीस असतात. काही अडले की इंदूरला फोन लावून डॉक्टरांना विचारायचे, अशी पद्धत. मुलगी संगणक शाखेची. तिने दोन्हीकडे एकेका जुन्या संगणकावर अ‍ॅस्टेरिस्क ही मोफत फोनप्रणाली बसवली, टेबलावरचे आयपी फोन आणले. आतल्या आत फोन लागतात. आता दोन्ही ठिकाणे इंटरनेटवरून जोडायची आहेत. एक विक्रेता म्हणतो पीआरआय घ्या, दुसरा म्हणतो एसआयपी, कॉलेजातला मित्र म्हणतो आयएएक्स सगळ्यांत सोपे, आणि बंद पडलेल्या एका ऑफिसातून स्वस्तात मिळालेली पेटी फक्त एच.३२३ जाणते. "काका, यांतले काय निवडू?"

शेवटी तिने सहज म्हणून एक वाक्य लिहिले आहे: "जूनपासून मी नोकरीसाठी हैदराबादला असेन." मला वाटते, उत्तर याच वाक्यावरून ठरते. पण आधी ही चार नावे काय आहेत ते पाहू.

सिग्नलिंग म्हणजे बोलणी

फोनवर दोन गोष्टी घडतात. एक, आपला आवाज जातो. दुसरी, आवाज जाण्याआधी "अमक्याला फोन लावा", "घंटी वाजतेय", "उचलला", "ठेवला" एवढे निरोप इकडून तिकडे जातात. या निरोपांना सिग्नलिंग म्हणतात. लग्न जमवताना मध्यस्थ जी बोलणी करतो, तसे हे काम आहे. संसार दोघांचा, पण बोलणी नीट झाली नाहीत तर पुढचे काही होत नाही.

आजी-आजोबांच्या काळात हे काम एक्स्चेंजमधली बाई करत असे. तुम्ही रिसीव्हर उचलायचा, नंबर सांगायचा, ती दोरी खोचून जोडून द्यायची. अमेरिकेत कॅन्सस सिटीला अल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीचे सामान पुरवणारा एक व्यावसायिक होता. आपली गिऱ्हाइके ऑपरेटर दुसऱ्याकडे वळवते असा त्याला संशय आला, म्हणून त्याने आपोआप चालणारे एक्स्चेंज शोधून काढले, अशी कथा सांगतात. त्याचे पेटंट १८९१ चे. फोनची तबकडी फिरवून एक्स्चेंजला थेट अंक कळवणे इथून सुरू झाले. आपल्याकडे ट्रंक कॉल बुक करून ताटकळण्यातून सुटका व्हायला बराच वेळ लागला. देशातली पहिली एसटीडी सेवा १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यात सुरू झाली.

या इतिहासातला एक धडा आजही उपयोगी आहे. अमेरिकेत दूरच्या कॉलचे सिग्नल एके काळी बोलण्याच्या तारेवरूनच सुरांच्या रूपात जात. २६०० हर्ट्‌झचा सूर म्हणजे "लाइन मोकळी आहे". काही पोरांना हे कळले. नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यात मिळणारी खेळण्यातली शिट्टी नेमका तोच सूर काढते, हेही कळले, आणि फुकट फोन सुरू झाले. ऑक्टोबर १९७१ मध्ये 'एस्क्वायर' मासिकात यावर लेख आला. तो वाचून स्टीव्ह वॉझनियॅक आणि स्टीव्ह जॉब्झ यांनीही अशा पेट्या बनवून विकल्या, अ‍ॅपल कंपनी निघण्याच्या आधी. टेलिफोन कंपन्यांनी पुढे बोलण्याची वाट आणि बोलणीची वाट वेगळी केली. तेच एसएस ७, म्हणजे सातव्या क्रमांकाची सिग्नलिंग पद्धत.

आता आपल्या चार उमेदवारांकडे वळू.

पीआरआय: जुना, भरवशाचा, पण महाग

पीआरआय म्हणजे फोन कंपनीकडून येणारी एक जाड लाइन. तिचा वेग सेकंदाला २.०४८ मेगाबिट, त्यात ३२ खाने. ३० खान्यांतून ३० जण एकाच वेळी बोलू शकतात, एक खाना ताल धरण्यासाठी आणि एक फक्त सिग्नलिंगसाठी राखीव. इंटरनेट बंद पडले तरी ही लाइन चालते. मोठ्या हॉस्पिटलला किंवा कॉल सेंटरला ती शोभते. पण ही बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन आहे, दोन शाखांना इंटरनेटवरून जोडणारी नाही. शिवाय संगणकात तिचे वेगळे कार्ड लागते. देवासच्या दोन फोनांसाठी ३० खाने घेणे म्हणजे चौघांच्या सहलीसाठी आख्खी बस ठरवण्यासारखे आहे.

एच.३२३: शिस्तीचा, पण थकलेला

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९६ मध्ये एच.३२३ ठरवले. टेलिफोनवाल्या लोकांनी टेलिफोनच्याच सवयीने बांधलेली ही पद्धत. निरोप बायनरी, म्हणजे माणसाला थेट वाचता न येणारे. एका कॉलसाठी एकापेक्षा जास्त वाटा उघडायच्या: नोंदणीची वेगळी, कॉलची वेगळी, आवाजाच्या वाटाघाटीची वेगळी. व्हिडिओ कॉन्फरन्सच्या जगात याने बरीच वर्षे काम केले आहे. मायक्रोसॉफ्टचे नेटमीटिंग कोणाला आठवत असेल तर ते हेच बोलत असे. जुनी चांगली यंत्रे आधीच हाताशी असतील तर ती चालवा. पण नवीन घरात हे आणू नका. दुरुस्त करणारा माणूस शोधताना दमछाक होईल.

एसआयपी: सगळ्यांची बोली

एसआयपीचे पहिले मानक मार्च १९९९ चे आणि आज चालते ते जून २००२ चे, आरएफसी ३२६१. कोलंबिया विद्यापीठातले हेनिंग शुल्झरीन हे त्याच्या प्रमुख कर्त्यांपैकी एक. यातले निरोप साध्या इंग्रजी अक्षरांत असतात. वेबपेज मागवण्याची जी धाटणी, तीच इथे. एक बाजू 'इन्व्हाइट' पाठवते, समोरून '१०० ट्रायिंग', मग '१८० रिंगिंग', उचलल्यावर '२०० ओके', त्यावर पोचपावती, आणि शेवटी 'बाय'. बिघाड झाला की हे निरोप उघडून कोणीही वाचू शकतो, हा मोठा फायदा.

मोबाइलची मानके ठरवणाऱ्या जागतिक संघटनेने २००० साली आपल्या पुढच्या पिढीच्या रचनेसाठी एसआयपीच निवडला. म्हणून ४जी वरचा व्हीओएलटीई कॉल तुम्ही करता तेव्हा खिशातला फोन एसआयपीतच बोलणी करत असतो.

याची अडचणही सांगतो. एसआयपी हा खराखुरा मध्यस्थ आहे. तो फक्त पत्ते देतो-घेतो, आवाज दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या पोर्टांवरून जातो. आता घरातल्या राउटरच्या आड बसलेल्या संगणकाचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे घरापुरताच. तो पत्ता मध्यस्थाने समोरच्याला दिला तर वरात कुठल्या दारात जाणार? फोन वाजतो, उचलला जातो, आणि एकाला ऐकू येते तर दुसऱ्याला नाही. एसआयपी बसवणाऱ्या प्रत्येकाने हा 'एकतर्फी आवाज' अनुभवलेला असतो. त्यातून काही राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' नावाची मदतनीस सोय असते, ती पुष्कळदा मदतीऐवजी घोळच घालते. ती बंद करणे ही पहिली पायरी.

आयएएक्स: दोन सख्ख्या भावांची बोली

मार्क स्पेन्सर हा अमेरिकेतला तरुण. १९९९ साली लिनक्सची मदतसेवा देणारी छोटी कंपनी चालवताना त्याला ऑफिससाठी फोनप्रणाली परवडेना, म्हणून त्याने स्वतःच एक लिहिली. तीच अ‍ॅस्टेरिस्क. दोन अ‍ॅस्टेरिस्क एकमेकांशी जोडायला जी पद्धत निघाली ती आयएएक्स. तिची दुसरी आवृत्ती २०१० मध्ये आरएफसी ५४५६ म्हणून नोंदली गेली.

इथे मध्यस्थ आणि वरात एकाच गाडीत बसतात. सिग्नलिंग आणि आवाज दोन्ही एकाच ४५६९ क्रमांकाच्या पोर्टातून जातात, त्यामुळे राउटरच्या आडून काम सहज होते. दुसरा फायदा बचतीचा. आवाज दाबून सेकंदाला ८ किलोबिटवर आणला तर २० मिलिसेकंदांचा आवाज होतो फक्त २० बाइट, पण त्यावर पत्त्यांचे वेष्टन ४० बाइटचे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! आयएएक्स अनेक कॉलचे आवाज एकाच वेष्टनात बांधतो. दहा कॉल एकदम चालू असतील तर साधारण निम्मी जागा वाचते.

मित्राचा सल्ला म्हणूनच चुकीचा नाही. पण आज त्या बचतीचे मोल किती? न दाबलेला स्वच्छ आवाजही वेष्टनासकट सेकंदाला ८० किलोबिट घेतो. दहा कॉलना ८०० किलोबिट. घरोघरी फायबर असताना हे नगण्य आहे. आणि टेबलावर ठेवायचे फोन, बाहेरच्या नंबरची सेवा देणाऱ्या कंपन्या, गावातले तंत्रज्ञ, हे जवळपास सगळे एसआयपी बोलतात. आयएएक्स बोलणारा फोन बाजारात शोधून पाहा, म्हणजे कळेल.

मग निवडायचे काय?

माझे उत्तर: दोन्हीकडे आणि मधल्या जोडणीतही एसआयपी, पण ती जोडणी व्हीपीएनच्या आतून.

व्हीपीएन म्हणजे इंदूर आणि देवासच्या राउटरांमध्ये इंटरनेटवरूनच काढलेला एक बंदिस्त बोगदा. वायरगार्ड हे त्यासाठीचे मोफत आणि हलके साधन आहे. बोगदा झाला की दोन्ही ठिकाणे एकाच वाड्याच्या दोन खोल्यांसारखी होतात. घरचा पत्ता समोरच्यालाही कळतो, एकतर्फी आवाजाचे मूळ कारण जाते, आणि बोलणे वाटेत कोणाला ऐकता येत नाही. रुग्णांविषयी बोलणे असल्याने हे शेवटचे महत्त्वाचे. आयएएक्सचा मोठा फायदा राउटर ओलांडण्याचा होता, तो व्हीपीएनने भरून निघतो.

फक्त एक पाहून घ्यावे. बऱ्याच इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही त्या वाटपात आहात. दोनपैकी निदान एका ठिकाणी, शक्यतो इंदूरला, स्थिर सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा. देवासचा राउटर मग स्वतःहून इंदूरशी बोगदा जोडेल.

एच.३२३ ची पेटी सोडून द्यावी. स्वस्तात मिळाली म्हणून तिच्याभोवती सगळी रचना फिरवायची नाही. पीआरआयही नको. इंदूरला बाहेरचे चार-पाच कॉल एकदम चालतील एवढी एसआयपी ट्रंक परवानाधारक कंपनीकडून घ्यावी, पुरेल.

आता हैदराबादचा मुद्दा. ही मुलगी हुशार आहे, ती आयएएक्सही छान चालवेल. पण रात्री अकराला जोडणी तुटली तर देवासला कोण जाणार? फार तर कॅमेरे आणि नेटवर्क बसवणारा गावातला माणूस. त्याला एसआयपी ओळखीचे असते, आयएएक्सचे नाव बहुधा त्याने ऐकलेले नसते. आपल्या घरांतली मुले शिकून दूर जातात, हे आता ठरलेलेच आहे. जाताना आपण आई-वडिलांसाठी घरात बरीच यंत्रे मांडून जातो. ती मांडताना "मला काय जमते" यापेक्षा "माझ्यामागे कोणाला जमेल" हे आधी विचारावे. चारांतून एक निवडताना मी हीच कसोटी लावली.

निवडीनंतरच्या चार गोष्टी

१) *जोडणी जिवंत आहे का, हे प्रणालीने स्वतः तपासावे.* एसआयपीत 'ऑप्शन्स' हा निरोप असतो. एक प्रणाली दुसरीला दर मिनिटाला "आहेस ना?" असे विचारू शकते. हे लावले नाही तर काय होते? समोरचा गप्प असेल तर 'इन्व्हाइट' पाठवणारा नियमाप्रमाणे ३२ सेकंद वाट पाहत बसतो. पेशंटचा श्वास अडकलेला असताना ३२ सेकंद म्हणजे युग. तपासणी चालू असेल तर जोडणी तुटल्याचे प्रणालीला आधीच माहीत असते, आणि नर्सने इंदूरचा आतला नंबर फिरवला की कॉल देवासच्याच लाइनवरून सरळ डॉक्टरांच्या मोबाइलवर वळवता येतो.

२) *आपत्कालीन नंबर देवासहूनच बाहेर पडावेत.* देवासहून कोणी ११२ किंवा १०८ फिरवला आणि तो कॉल बोगद्यातून इंदूरच्या ट्रंकवरून बाहेर गेला, तर समोर इंदूरचा नंबर दिसेल. रुग्णवाहिका चाळीसेक किलोमीटर दूरच्या पत्त्यावर निघाली तर? म्हणून देवासला एक स्वतंत्र स्थानिक लाइन हवीच. आणि हे नंबर फिरवताना आधी शून्य किंवा नऊ दाबावे लागू नयेत. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका मोटेलमध्ये २०१३ साली कॅरी हंट यांच्यावर हल्ला झाला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने पुन्हा पुन्हा ९११ फिरवला, पण बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबायला हवा होता, हे तिला माहीत नव्हते. आईचा जीव गेला. पुढे तिथे याविषयी 'कॅरीज लॉ' हा कायदाच झाला, २०१८ मध्ये. आपण कायद्याची वाट कशाला पाहायची?

३) *फोनवरची बटणे कशी पाठवायची, तेही ठरवा.* विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर "कॅशलेससाठी दोन दाबा" म्हणतात आणि दोन दाबूनही काही होत नाही, हा अनुभव अनेकांना आला असेल. बटणाचा सूर आवाजातूनच पाठवला आणि आवाज दाबलेला असला की सूर विकृत होतो. त्यावर उपाय म्हणजे बटण वेगळ्या निरोपाने पाठवणे, आरएफसी ४७३३ प्रमाणे. दोन्ही अ‍ॅस्टेरिस्कमध्ये, फोनांत आणि ट्रंक देणाऱ्या कंपनीकडे हीच पद्धत ठेवावी. २६०० हर्ट्‌झच्या शिट्टीचा धडा इथेही लागू पडतो.

४) *दार उघडे टाकू नका.* एसआयपीचे ५०६० क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे दिसले की काही तासांत अनोळखी यंत्रे नंबर आणि पासवर्ड आजमावू लागतात. मी पाहिलेल्या एका कारखान्यात १०१ नंबरच्या फोनचा पासवर्डही १०१ होता. शनिवार-रविवारी कोणी नसताना परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल झाले आणि बिल कारखान्याच्या नावावर आले. तेव्हा फोन बोगद्याच्या आतच ठेवा, पासवर्ड लांब ठेवा, आणि परदेशी कॉलची गरज नसेल तर ट्रंक कंपनीला सांगून ते मुळातच बंद करा. अ‍ॅस्टेरिस्कही जुने ठेवू नका. त्याचा जुना एसआयपी भाग, चॅन-एसआयपी, २१ व्या आवृत्तीत काढून टाकला आहे. नवी मांडणी थेट पीजेएसआयपीवर करा, म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा सगळे उचकटावे लागणार नाही.

कायद्याबद्दलही दोन शब्द. इंटरनेट टेलिफोनीला आपल्याकडे २००२ साली मर्यादित परवानगी मिळाली आणि नंतर नियम सैल होत गेले. तरी बाहेरचा नंबर परवानाधारक कंपनीचाच हवा. आतले जाळे आणि बाहेरची लाइन कशी जोडायची, हे त्या कंपनीला लेखी विचारून घ्या. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल स्थानिक लाइनवर सोडण्याचा "जोडधंदा" कोणी सुचवला तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो गुन्हा आहे.

आणि वीज. जुन्या तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टचा पुरवठा मिळायचा, म्हणून अंधारातही तो चालायचा. आयपी फोनचे तसे नाही. राउटर, स्विच, संगणक आणि फोन या चौघांनाही इन्व्हर्टर किंवा यूपीएस हवा. एकाला राहिला तरी साखळी तुटते.

जूनच्या आधी एखाद्या रविवारी ही परीक्षा घ्यावी. इंदूरच्या राउटरची तार काढा आणि देवासच्या नर्सबाईंना डॉक्टरांना फोन लावायला सांगा. मग तार परत लावून देवासची वीज बंद करा आणि पुन्हा लावायला सांगा. तुम्ही शेजारी बसायचे, हात लावायचा नाही. जिथे अडेल ते दुरुस्त करा. शेवटी एका कागदावर मोठ्या मराठी-हिंदी अक्षरांत लिहा: कोणती पेटी कशासाठी, कोणता दिवा हिरवा हवा, कोणाला फोन करायचा, आणि सगळेच बंद पडले तर कोणत्या मोबाइलवरून कोणता नंबर. तो कागद संगणकाच्या शेजारी भिंतीवर चिकटवा.

तुमच्या दुकानात किंवा दवाखान्यात अशी काही जोडाजोड चालू असेल तर कळवा. पुढच्या वेळी दुकानातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण घरी बसून सुरक्षितपणे कसे पाहावे, हा बडोद्याच्या एका वाचकाचा प्रश्न घेणार आहे.